परिचारिकेच्या घराचे दार



१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा भयाने बिथरलेला गिरणी कामगारांचा जमाव ऑक्टोबरात आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये मुंबईतील पहिले कोविड रुग्ण तेथेच दाखल झाले.

विलगीकरण कक्षातील परिचारिकेचे कष्ट आपण ऐकून आहोत. अंगभर संरक्षक पोशाख, तासन्‌तास पाण्याचा घोट नाही, आणि आप्तांना मज्जाव असल्याने अखेरच्या घटकेला रुग्णाचा हात धरावयाचा तो तिनेच. परंतु तिला याहून खचविते ते घरचे दार. आपल्यापासून लेकरांना बाधा होईल ही धास्ती तिला आत जाऊ देत नाही, आणि शेजार तिच्याकडे पाठ फिरवितो. आरोग्यसेवकांवरील हल्ले अजामीनपात्र ठरविणारा वटहुकूम एप्रिल २०२० मध्ये काढावा लागला. परंतु कायद्याने उगारलेला हात थांबतो, मिटलेले दार उघडत नाही.

२२ मार्च २०२० रोजी गॅलरीत थाळ्या वाजविणारे आम्हीच, आणि पुढे चाळीतील एक परिचारिका कामावरून परतताना दारे लोटून घेणारेही आम्हीच, हे येथे कबूल केले पाहिजे. पुन्हा साथ आलीच, तर थाळी वाजविण्याऐवजी ती वाढून तिच्या उंबऱ्यावर ठेवू, तिची मुले सांभाळू, एवढा निश्चय आपल्या प्रत्येक कुटुंबाने करावा, ही नम्र विनंती.