मूल सांभाळणारीचे वाचन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी काही विदुषी नव्हे. अठरा वर्षे मुंबईत परक्यांची मुले सांभाळली, एवढीच माझी पदवी. पण आपल्या खांबच्या नाक्यावर पहाटे एस.टी.ची वाट पाहणाऱ्या मुली दिसतात. कुणी पनवेलला, कुणी त्याही पुढे, मूल सांभाळण्याच्या कामाला निघालेल्या. त्यांना पाहिले की वाटते, जे मी फार उशिरा वाचले ते यांच्या हाती आधी पडावे.

उशिरा म्हणजे कसे, ते सांगते. माझ्याकडे आठ महिन्यांचे बाळ होते. वहिनी कचेरीत गेल्या आणि बाळाला जुलाब सुरू झाले. जुलाबात पाणी तोडायचे, असे मी लहानपणापासून ऐकलेले. म्हणून मी पाणी दिले नाही, दूधही कमी केले. संध्याकाळपर्यंत बाळाचे डोळे खोल गेले, रडताना डोळ्यांत पाणी येईना. दवाखान्यात सलाईन लावले आणि बाळ वाचले. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते. दुसऱ्या दिवशी घरातले कपाट आवरताना क्षारसंजीवनीची दोन पाकिटे हाती लागली. काय करायचे ते त्यांच्या पाठीवर छापलेले होते. मी सातवी पास. मला वाचता येत होते, पण मी वाचले नव्हते.

तेव्हा मुलींनो, पहिले पुस्तक म्हणजे ते पाकीट. ते किती पाण्यासाठी आहे हे त्यावरच लिहिलेले असते. बहुधा एक लिटर. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्याचमच्याने पाजत राहावे, आणि केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे बंद करू नये. मूल सुस्तावले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त दिसले तर घरच्यांना फोन करून तडक दवाखाना गाठावा.

दुसरे वाचन बाटलीचे. तापाच्या औषधाचे थेंब आणि पातळ औषध ही एकच वस्तू समजू नका. थेंबांच्या एका मिलीलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते. पातळ औषधाच्या पाच मिलीलिटरमध्ये १२० किंवा १२५. थेंबांचे औषध चमच्याने पाजले तर केवढा घोटाळा होईल, याचा हिशेब घरी गेल्यावर करून पाहा. डॉक्टरांनी लिहिलेले प्रमाण घरच्यांकडून कागदावर मागून घ्यावे. मागायला लाजू नये. आणि जुन्या बायकांना राग येईल, तरी सांगते : वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये.

तिसरे म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. आपल्या अंगणवाडीच्या ताईंकडे ते पाहायला मिळेल. लस कधी, वजन किती हवे, मूल कधी बसते, कधी बोलते, हे सारे मराठीत आणि चित्रांसह.

हे झाले जीव राखण्याचे. पण मूल काही नुसते राखायचे नसते. विलायतेत एमिली वॉर्ड नावाच्या बाईंनी १८९२ साली नॉरलंड संस्था काढली आणि मुले सांभाळणाऱ्या मुलींना रीतसर शिक्षण देण्यास आरंभ केला. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत ताराबाई मोडकांचा जन्म झाला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरीच अडकतात हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. म्हणजे मूल सांभाळणारी मुलगीही शिकली पाहिजे, हे त्या दोघींना तेव्हाच कळले होते. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' जरूर वाचावे.

आता गोष्टींची पुस्तके. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके घ्या. 'राधाचं घर' मी एका मुलाला इतक्यांदा वाचून दाखवले, की पान उलटण्याआधी तोच सांगू लागला. पुस्तक विकत घेणे जमत नसेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोबाइलवर फुकट वाचता येतात. मात्र मोबाइल आपल्या हातात राहावा, मुलाच्या नव्हे.

स्वतःसाठी एकच वाचायला सवड असेल तर 'तोत्तोचान' वाचा. जपानी पुस्तक आहे, १९८१ सालचे. मराठीत आले आहे. एका शाळेतून काढून टाकलेली लहानशी मुलगी नव्या शाळेत येते, आणि तेथले मुख्याध्यापक कोबायाशी तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. चार तास! आपण चार मिनिटांत 'गप्प बस' म्हणतो. मीही म्हणत असे.

एक गोष्ट आयांना सांगायची आहे. चौदा वर्षांखालील मुलीला घरकामाला ठेवणे १० ऑक्टोबर २००६ पासून कायद्याने बंद आहे. 'नुसते बाळ तर खेळवायचे' असे सांगून कुणी न्यायला आले, तरी पाठवू नका. तिचे वय वर्गात बसण्याचे आहे.

मंडळाकडे जुनी पत्र्याची पेटी पडून आहे. मी सांगितलेली पुस्तके तिच्यात ठेवावीत असे मी सुचवते. पहिल्या दोन पुस्तकांचे पैसे मी देते. कामाला जाणाऱ्या मुली रविवारी घरी असतात, म्हणून रविवारी दुपारी तीन ते पाच पेटी उघडी ठेवू. अक्षर अडेल तिने माझ्याशेजारी बसावे. क्षारसंजीवनीचे एक रिकामे पाकीट मी त्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवणार आहे.