संगणकाच्या खोलीची किल्ली
(शिक्षिका आणि पालक महिलांच्या शिबिरातील भाषण)



दारू, मारहाण, पाणी हे प्रश्न समोर असताना शाळेतला संगणक हा आपला विषय कसा, असं मला बऱ्याच जणी विचारतात. घरातली वस्तू कुणाच्या हातात असते, हा प्रश्न आपण पहिल्यापासून विचारत आलोय. हा तोच प्रश्न आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. मी काम करते त्या वस्तीत बहुतेक घरांत एकच फोन. तो सकाळी वडलांबरोबर कामावर जायचा. संध्याकाळी आला की आधी भावाकडे. मुलगी तोवर भाकऱ्या थापत असायची. हे एका वस्तीचं चित्र नाही. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचा २०२३ चा 'असर' अहवाल पाहा. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी जेमतेम २० टक्क्यांकडे.

म्हणून सरकारी शाळेतला संगणक मोलाचा. तो वडलांचा नाही, भावाचा नाही. कित्येक मुलींना हक्काने हात लावता येईल असं तेवढं एकच यंत्र आहे.

१९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांना संगणक मिळाले. २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी केंद्राची योजना आली. तरीही २०२३-२४ च्या 'यूडायस' आकडेवारीत देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक आणि ५४ टक्के शाळांत इंटरनेट होतं.

आणि यंत्र आलं म्हणजे मुलींपर्यंत पोचलं, असंही नाही. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला. कुणीही यावं, आपापलं शिकावं, ही कल्पना. पाहायला गेलेल्या अभ्यासकांना तिथे गर्दी दिसली ती मुख्यतः मुलग्यांची. नियम नसला की जोर असणाऱ्याचंच राज्य चालतं.

तेव्हा शाळेत गेल्यावर नुसते संगणक मोजू नका. खोली उघडी असते का? किल्ली कुणाकडे? वीजबिल आणि दुरुस्तीचे पैसे कुठून येतात? संगणकाचा तास वेळापत्रकात आहे की शाळा सुटल्यावर? सुटल्यावर असेल तर आपली मुलगी थांबणार नाही. तिला धाकटं भावंड सांभाळायचंय, अंधाराआधी घर गाठायचंय. एका यंत्रापुढे चौघं बसली तर कळफलक कुणाच्या हातात, आणि वहीत उतरवून घेणारी कोण?

हे विचारायचा अधिकार आपल्याला कायद्याने आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. सहीपुरत्या जाऊ नका. पुढच्या बैठकीत मुलींच्या पाळीचं वेळापत्रक मागा, आणि ते इतिवृत्तात लिहिलं गेल्याशिवाय उठू नका.