हुकूम कोणाचा, हात कोणाचा?



सुरतेच्या स्वारीस जातांना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर उतरले होते, असें जव्हार-मोखाड्याकडे आजहि सांगतात. बरोबरच्या शिपायांपैकीं मात्र एकाचेंहि नांव कोणी सांगत नाहीं. स्वाऱ्या आपण नायकाच्या नांवानें ओळखतों. यशांत शिपायाला वांटा मिळत नाहीं. मग दोषांतहि त्याला वांटा नाहीं काय?

उदाहरण घरचेंच घेऊं. १७४२ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या वतीनें भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. या साध्या शब्दाचें बंगालींत ‘बर्गी’ झालें, आणि मुलांना निजवितांना म्हणावयाच्या गाण्यांत तो भीतीचा शब्द होऊन बसला. गंगाराम नांवाच्या बंगाली कवीनें त्याच शतकांत ‘महाराष्ट्र-पुराण’ रचलें. गांवें जाळणें, नाककान कापणें, स्त्रियांवर अत्याचार, सारें त्यांत आहे. हें निव्वळ शत्रूचें गाऱ्हाणें म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. पापाच्या शासनासाठीं देवानेंच मराठ्यांना पाठविलें, असा या काव्याचा आरंभ आहे. निरपराधांची हत्या पाहून देवी त्यांच्यावर उलटते, ती पुढें.

बारगिराच्या बाजूनें काय सांगतां येईल? हुकूम वरचा होता. मोहिमेचा खर्च खंडणींतून आणि लुटींतून निघावयाचा होता. हें खरें, आणि म्हणूनच मोठा दोष सरदाराचा. पण खंडणी मागण्याचा हुकूम निराळा आणि बाईच्या अंगावर हात टाकणें निराळें. तो हात बारगिराचा होता.

‘काळच तसा होता,’ असें कोणी म्हणेल. परंतु चिपळूणच्या छावणीला महाराजांनीं पाठविलेलें पत्र त्याआधींच्या शतकांतलें आहे. कुणब्याच्या घरचें धान्य किंवा भाजीपालासुद्धां घेऊं नका, नाहींतर दोष तुमच्याच माथीं येईल, अशी ताकीद त्यांत आहे. हें माप परक्यांचें नव्हे, आपलेंच आहे.

दुसरी बाजू निर्मळ होती असेंहि नाहीं. १७४४ त अलिवर्दीखानानें भास्कररामांस बोलणीं करण्यास बोलावून सरदारांसह ठार मारविलें. १७६१ त पानिपतानंतर अफगाणांनीं हातीं सांपडलेल्या कैद्यांची कत्तल केली. पण एकाच्या पापानें दुसऱ्याचें फिटत नाहीं. दोन्हीं खातीं निरनिराळींच मांडावीं लागतात.

१९४५ सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायालयासाठीं जी सनद झाली, तींत हेंच तत्त्व आलें: वरिष्ठांच्या हुकुमानें शिक्षा सौम्य होऊं शकेल, जबाबदारी टळणार नाहीं. शिपायाला जबाबदार धरणें म्हणजे त्याला हीन लेखणें नव्हे. तो तलवारीची मूठ नसून माणूस आहे, हें मान्य करणें होय.

अटकेपर्यंत गेलेल्या घोड्यांचा अभिमान आपण वारसा म्हणून सांगतों. मग बरद्वानच्या जळालेल्या गांवांचा वारसा कोणाचा?