हातातला कॅमेरा आणि पक्ष्याचा डोळा



द्रोणाचार्यांनी शिष्यांची घेतलेली परीक्षा प्रत्येकाने शाळेत ऐकलेली असते. नेम धरल्यावर काय दिसते, असे विचारताच युधिष्ठिराला झाड, पक्षी, भाऊ असे सारेच दिसले. अर्जुनाला दिसला तो केवळ पक्ष्याचा डोळा. कॅमेरा हातात धरून रानपक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्याचा पहिला धडा हाच आहे. डोळा रेखीव आला, तर पंखाचे टोक किंचित पुसट असले तरी चित्र जिवंत वाटते. डोळाच पुसट राहिला, तर बाकीची रेखीवता व्यर्थ ठरते.

बेंगळुरूला या कलेची मोठी परंपरा आहे. टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२–२०१७) याच शहरातले. संदूरच्या मराठा राजघराण्यातील एम. वाय. घोरपडे (१९३१–२०११) कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, आणि वन्यजीवांचे छायाचित्रकार म्हणूनही तितकेच नावाजले गेले. त्यांच्या उमेदीच्या काळात लेन्सचे कडे बोटांनी फिरवूनच फोकस साधावा लागे. स्वयंचलित फोकसचा मिनोल्टा ७००० हा कॅमेरा १९८५ मध्ये आला. हाताचा कंप सावरणारी कॅननची पहिली लेन्स १९९५ मध्ये.

यंत्रे सुधारली, तरी रंगनतिट्टूच्या नावेत बसले की जुनीच परीक्षा द्यावी लागते. श्रीरंगपट्टणजवळच्या कावेरीतील या बेटांना डॉ. सालिम अली यांच्या आग्रहामुळे १९४० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. नाव डुलते आणि तिच्यासोबत तिपाईही डुलते; म्हणून कॅमेरा हातातच हवा. डावा तळवा लेन्सखाली असावा, दोन्ही कोपरे फासळ्यांना टेकलेली असावीत, आणि श्वास अर्धा सोडून बटण हळुवार दाबावे. ४०० मिलिमीटरच्या लेन्सला शटरचा वेग किमान सेकंदाचा चारशेवा भाग असावा, हा जुना ठोकताळा. परंतु कंप सावरणारी यंत्रणा फक्त हात सावरते, पक्ष्याची हालचाल नव्हे. मान झटकणाऱ्या चित्रबलाकाला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, तर झेपावणाऱ्या नदी सुरयाला दोन हजारावाही. त्यासाठी आयएसओ वाढवण्यास कचरू नये. दाणेदार चित्र पुढे सुधारता येते, हललेले येत नाही.

याच लेन्सने दहा मीटरवरचा पक्षी टिपताना एफ ५.६ या छिद्राला जेमतेम वीतभर खोली रेखीव येते. पाच मीटरवर ती दोन-तीन बोटांवर येते. म्हणून एकच फोकसबिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा आणि फोकस सतत चालू राहू द्यावा. भर दुपारी पाण्यावरची तापलेली हवा थरथरते, तेव्हा उत्तम लेन्सही हरते. त्यामुळे सकाळच गाठावी.

जवळ जाण्याचा हव्यास असा फोकस अवघड करतो. पण खरी किंमत वेगळीच आहे. विणीच्या काळात नदी सुरय उघड्या खडकावर अंडी घालतो. नाव फार जवळ गेली की पक्षी उडतो, आणि अंडी उन्हाच्या व कावळ्यांच्या हवाली होतात. छायाचित्रकाराला त्या क्षणी कदाचित आयुष्यातले सर्वांत रेखीव चित्र मिळेल. त्याचे मोल मात्र पक्षी चुकवतो. पुसट चित्राने कोणाचेही घरटे मोडत नाही.

मान ताठ करून स्तब्ध झालेला, ओरडत डोक्यावर घिरट्या घालणारा पक्षी 'मागे व्हा' असेच सांगत असतो. ते ओळखायला डोळ्यापलीकडचेही दिसावे लागते. धनुर्विद्येच्या परीक्षेत युधिष्ठिराचे उत्तर चुकले. येथे मात्र ते निम्मे बरोबर आहे. नावाड्याला 'आणखी जवळ' म्हणण्याआधी युधिष्ठिर व्हावे, बटण दाबताना अर्जुन. मुलांच्या हाती कॅमेरा देताना पालकांनी ही दोन्ही उत्तरे, याच क्रमाने, शिकवावीत.