तीन कन्सोल, एकच सिस्टीम: चालू कार्यक्रमात बदल करायचा कसा?

आजचा भाग लाईव्ह साऊंड करणाऱ्यांसाठी आहे. आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये "साऊंडचं तू बघ रे" असं म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं, त्यांच्यासाठी तर खासच! विषय असा: एकाच संध्याकाळी, एकाच स्पीकर सिस्टीमवर दोन-तीन मिक्सिंग कन्सोल असतील, तर एकावरून दुसऱ्यावर जायचं कसं?

आता पहिला प्रश्न, एवढे कन्सोल लागतातच कशाला? नाट्यगृहातल्या गाण्याच्या मैफलीला खरंच एक पुरतो. गळा, तानपुरे, तबला, पेटी. सात-आठ माईकमध्ये काम होतं. पण बँड आला की नुसत्या ड्रम्सलाच तेवढे माईक लागतात. शिवाय मोठ्या बँडचा साऊंड इंजिनिअर आपली शो फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन फिरतो. कुठल्या चॅनलला काय ईक्यू, कुठल्या गाण्याला कुठला इफेक्ट, सगळं त्यात सेव्ह केलेलं असतं. अडचण अशी की यामाहाची फाईल डिजिकोवर उघडत नाही आणि डिजिकोची ॲलन अँड हीथवर उघडत नाही. म्हणून बँड आपल्या रायडरमध्ये कन्सोलचं मॉडेलच लिहून पाठवतो. दोन बँड, दोन मॉडेल. त्यात निवेदक, सत्कार, स्क्रीनवरचे व्हिडिओ यांच्यासाठी आयोजकांचा एक. झाले तीन!

फेस्टिव्हलमध्ये तर मुद्दाम दोन ठेवतात. एकावर कार्यक्रम चालू असतो, तेवढ्यात दुसऱ्यावर पुढच्या बँडचा लाईन चेक हेडफोनवर उरकायचा. मग जागा बदलायच्या. वेळ वाचतो.

आणि वेळ हाच कळीचा मुद्दा आहे. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, तीही सण-उत्सवांपुरती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम रात्री १० वाजता पोलिसांनी थांबवला, ते तुम्ही व्हिडिओत पाहिलंच असेल. म्हणजे बघा, तीन बदलांमध्ये दहा-दहा मिनिटं गेली, तर ती अर्ध्या तासाची कात्री शेवटच्या कलाकाराला लागते. आणि लोक तिकीट काढून आलेले असतात ते बहुतेक त्याच्यासाठीच.

तर बदल करायचे मार्ग तीन.

पहिला मार्ग, वायर काढून दुसऱ्या कन्सोलमध्ये खोचणे. छोट्या कार्यक्रमांत हेच चालतं. ॲम्प्लिफायर म्यूट न करता वायर ओढली तर 'ढप्प' असा आवाज येतो, आणि तो मोठा असेल तर स्पीकरही जाऊ शकतो. काही जण त्यावर तोडगा म्हणून दोन्ही कन्सोलचे आउटपुट एका वाय-केबलने जोडून टाकतात. हे करू नका. एक आउटपुट दोन इनपुटला देता येतो, पण दोन आउटपुट असे एकमेकांत घुसवता येत नाहीत. ते एकमेकांवरच भार टाकतात. लेव्हल पडते, आवाज फाटतो.

दुसरा मार्ग, मध्ये एक छोटा मिक्सर. सगळे कन्सोल त्याच्या लाईन इनपुटमध्ये, आणि त्याचा आउटपुट सिस्टीमला. एक फेडर खाली, दुसरा वर. कॉलेजच्या बजेटमध्ये हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे.

तिसरा मार्ग मोठ्या कार्यक्रमांचा. सिस्टीम प्रोसेसरमध्येच तीन-चार कन्सोलचे इनपुट घ्यायचे आणि लॅपटॉपवरून किंवा टॅबवरून निवडायचे. स्पीकरचं ट्यूनिंग प्रोसेसरमध्ये राहतं, त्यामुळे कुठलाही कन्सोल आला तरी सिस्टीम तीच राहते.

मार्ग कुठलाही घ्या, दोन गोष्टी संध्याकाळच्या आधी तपासा. एक, लेव्हल. डिजिटल कन्सोलमध्ये मीटर अगदी टोकाला गेला की बाहेर किती व्होल्टेज येतं, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. कुणाचं +१८ डीबीयू, कुणाचं +२४. फरक ६ डीबीचा, म्हणजे व्होल्टेज थेट दुप्पट! दोन्ही स्क्रीनवर मीटर सारखाच दिसतो, पण बदल केला की पब्लिक कानावर हात ठेवतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक कन्सोलमधून एकच पिंक नॉइज, मीटरवर एकाच लेव्हलला पाठवा आणि प्रोसेसरच्या किंवा मधल्या मिक्सरच्या इनपुटला सगळे सारखे करून घ्या. तेव्हाच डावं-उजवं उलटं तर नाही ना, तेही बघा.

दुसरी, क्लॉक. डिजिटल वायरने जोडणार असाल तर एक कन्सोल ४८ किलोहर्ट्झवर चालतो, दुसरा ९६ वर. दोघांचा ताल जुळला नाही तर टिक-टिक आवाज येतात किंवा सिग्नलच जातो. बऱ्याच प्रोसेसरच्या डिजिटल इनपुटवर सॅम्पल रेट कन्व्हर्टर असतो, तो चालू आहे का ते बघा. खात्री नसेल तर सरळ ॲनालॉग वायर टाका. त्यात कमीपणा काही नाही.

आता स्टेजकडे. एकच माईक दोन कन्सोलला द्यायचा असेल तर स्प्लिट लागतो. ट्रान्सफॉर्मरचा स्प्लिट चांगला, कारण हम येत नाही. पण कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जात नाही, ती फक्त थेट जोडलेल्या बाजूनेच मिळते. ती बाजू कुठल्या कन्सोलची, हे कागदावर लिहून चिकटवा. नाहीतर कुणीतरी आपलं काम संपलं म्हणून कन्सोल बंद करतो आणि दुसऱ्याकडचे माईक मुके होतात! डिजिटल स्टेजबॉक्स दोघांत वाटून घेतला असेल तर गेन कुणाच्या ताब्यात, हेही आधीच ठरवा. एकाने गेन वाढवला की दुसऱ्याचं मिक्स हलतं.

हे झालं तंत्र. पण मला वाटतं खरी गोष्ट माणसांची आहे. तीन इंजिनिअर, तिघंही हुशार, आणि प्रत्येकाला वाटतं की म्यूट दुसरा करणार आहे. म्हणून नियम एकच: कन्सोल कितीही असू देत, निवड एकाच माणसाच्या हातात. शक्यतो सिस्टीम टेकच्या. पाहुण्या इंजिनिअरने आपला मास्टर खाली घेऊन "मी बंद" म्हणायचं. पुढच्याने "मी तयार" म्हणायचं. मग सिस्टीम टेकने बदल करून मोठ्याने सांगायचं, "सिस्टीम तुझी." तीन वाक्यं, बास. ही तीन वाक्यं होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. निवेदकाचा माईक कुठल्याही बँडच्या कन्सोलमध्ये घालू नका. दोन्हीकडे घातला तर दोन घरचा पाहुणा उपाशी, कुणीच त्याचा फेडर वर घेत नाही. तो माईक थेट मधल्या मिक्सरला किंवा प्रोसेसरला, कायम जोडलेला. कारण तो फक्त "जोरदार टाळ्या"साठी नसतो. पुढच्या रांगेत रेटारेटी झाली, कुणी चक्कर येऊन पडलं, कुठे धूर दिसला, तर हजारो लोकांना "थांबा, मागे सरका" सांगायला तोच एक आवाज असतो. त्या क्षणी कुठला कन्सोल चालू आहे, हा प्रश्नच पडायला नको. गाणं दोन मिनिटं थांबलं तर चालतं. हा माईक नाही थांबला पाहिजे.

तर पुढच्या कार्यक्रमाला साऊंड चेकच्या आधी फक्त एक करा. सगळे कन्सोल म्यूट करा आणि निवेदकाच्या माईकमध्ये बोला. मैदानाच्या शेवटच्या टोकाला ऐकू आलं, तर तुमची जोडणी बरोबर आहे. नाही आलं, तर अजून वेळ आहे, बदला.

तुमच्या गावात, कॉलेजात हा बदल कसा करतात ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!