रक्ताची पत्रिका
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही शिक्षक असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. थंडी पडली की त्याचे हातपाय ठणकत व तो कवायत टाळी. आम्ही त्यास कामचुकार ठरवून बाकावर उभे केले. पुढे कळले की, त्यास सिकलसेल होता. ही चूक आज सर्वांसमक्ष सांगण्याचे कारण असे की, आपल्या विदर्भातील कित्येक घरांतून हा रोग अजूनही ‘अंगदुखी’ या नावाखाली झाकला जातो.

निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. या रोगात ती विळ्यासारखी वाकते व १० ते २० दिवसांतच नष्ट होते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे असह्य वेदना उठतात. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले.

रोग ओळखणे आता कठीण राहिलेले नाही. बोटाचे थेंबभर रक्त एका द्रावणात मिसळतात. ते गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन असल्याचा संशय घ्यावा. मात्र एवढ्यावरून मनुष्य रोगी की केवळ वाहक, हे ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागतेच. पहिल्याच कागदावरून सोयरीक मोडणारी शहाणी माणसे आम्ही पाहिली आहेत! १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प आहे.

उपचारांचे म्हणाल, तर उंदरास हा रोग निसर्गतः होत नाही. १९९७ साली अमेरिकेतील दोन संशोधकगटांनी उंदराची स्वतःची हिमोग्लोबिनची जनुके निकामी करून त्या जागी माणसाची घातली. अशा उंदरांमुळे नवे उपाय प्रथम प्रयोगशाळेत पारखून पाहण्याची सोय झाली. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात, हे १९९५ सालीच दिसले होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्य केलेला उपाय त्याहून विलक्षण आहे. रोग्याच्या मूलपेशी बाहेर काढून त्यांच्या जनुकांत दुरुस्ती करतात व त्याच परत शरीरात सोडतात. म्हणजे औषध वाहून नेणारी गाडीही रोग्याची आणि औषधही रोग्याचेच. त्याची तेथील जाहीर किंमत होती २२ लाख डॉलर. आपल्या मंडळाचा शिक्षणनिधी येथे काय पुरणार?

म्हणून आमचा भर तपासणीवर आहे. वाहक हा रोगी नव्हे. तो सामान्यतः आपल्यासारखाच धडधाकट असतो. त्याच्या जोडीदाराचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल तर त्यांच्या मुलांना हा रोग होत नाही. दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक इतका धोका असतो. आपण छत्तीस गुण जुळवितो, नाडी पाहतो, मामाचे कूळ विचारतो. हा एक कागद तेवढा मागत नाही. कोणी मागितलाच, तर मुलीकडचे घाबरतात आणि मुलाकडचे रागावतात.

कार्यकारिणीने वधूवर-नोंदणीच्या अर्जात या तपासणीसाठी एक रकाना ठेवावा, अशी सूचना आम्ही मांडीत आहोत. आमच्या नातीच्या कागदावर ‘वाहक’ असे आले आहे. तिच्याच संमतीने, या स्मरणिकेसाठी दिलेल्या तिच्या माहितीत तो शब्द आम्ही लिहून चिटणीसांच्या हाती दिला आहे.