कोणते रान आधी?

(जागतिक पर्यावरण दिनानिमित्त मॉरिशसमधील एका शाळेत एका शिक्षकांनी केलेले भाषण)



आज 5 जून, जागतिक पर्यावरण दिन.  सुरुवातीला एक सोपा प्रश्न विचारतो. चिनी पेरू कोणाकोणाला आवडतात? हात वर करा बरे! अरे वा, सगळ्यांचेच हात वर! माझाही हात वर आहे. या दिवसांत पेत्रेंच्या बाजूला जावे, छोटे लालचुटूक पेरू तोडावेत आणि मीठमिरची लावून खावेत, यासारखी मजा नाही.

पण मुलांनो, हा गोड पेरू आपल्या बेटाचा नाही. माणसांनी तो बाहेरून आणला. पाखरे, माकडे आणि डुकरे त्याची फळे खातात व बिया रानभर पसरवतात. त्याची रोपे इतकी दाट वाढतात, की आपल्या जुन्या झाडांच्या कोवळ्या रोपांना ऊनही मिळत नाही. जुनी झाडे म्हातारी होऊन पडतात आणि त्यांची जागा घ्यायला त्यांची पिल्ले नसतात.

1598 साली डच खलाशी या बेटावर उतरले, तेव्हा येथे किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत रान होते. त्या रानात डोडो पक्षी होता. पुढे शंभर वर्षांच्या आतच डोडो नाहीसा झाला. मग आबनुसाची झाडे तोडली गेली, ऊस लावला गेला, गावे वसली. आज आपल्या बेटावर चांगल्या स्थितीतले मूळचे रान दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. म्हणजे शंभर चौकोनांचा कागद घेतला, तर त्यातले पुरते दोन चौकोनसुद्धा भरत नाहीत!

मागे मी माझ्या वर्गाला घेऊन ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान पाहायला गेलो होतो. हे उद्यान 1994 साली स्थापन झाले. तेथे काही जागांना कुंपण घातले आहे. कुंपणाच्या आत माणसे हातांनी पेरूची आणि इतर परकी झुडपे उपटतात. एकदा उपटून काम संपत नाही. ती पुन्हा उगवतात, पुन्हा उपटावी लागतात. ते पाहून एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, मग सगळ्याच रानाला कुंपण का घालत नाहीत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्याला म्हणालो, "बाळ, हात थोडे आहेत, पैसेही थोडे आहेत आणि रान मोठे आहे. म्हणून आधी कोणते रान, हे ठरवावे लागते."

हे कसे ठरवतात, तेच मला आज सांगायचे आहे.

भिंतीवरचा नकाशा तुम्ही रोज पाहता. तो नकाशा मुका असतो. त्यावर जे छापले आहे, तेवढेच तो दाखवतो. आता संगणकावर असे नकाशे तयार झाले आहेत, की ज्यांना आपण प्रश्न विचारू शकतो. हा नकाशा एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा असतो. एका कागदावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते आणि गावे, तिसऱ्यावर मूळची झाडे, चौथ्यावर पक्ष्यांची घरटी. हवा तो कागद वर ठेवावा, नको तो काढावा. साऱ्या बेटाचे लहान लहान चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाला गुण दिलेले असतात. दुर्मिळ झाड असेल तर इतके गुण, नदीचा उगम असेल तर इतके. ज्या चौकोनाला गुण जास्त, त्याचा रंग गडद. "पाण्याला जास्त महत्त्व दे," असे आपण सांगितले, की क्षणात रंग बदलतात. "पक्ष्यांना जास्त महत्त्व दे," म्हटले, की पुन्हा बदलतात.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. संगणक फक्त बेरीज करतो. कशाला महत्त्व द्यायचे, हे माणसांनाच ठरवावे लागते.

आता थोडे कोडे सोडवू. समजा, तुम्हांला दोनच चौकोन वाचवता येणार आहेत. पहिल्या चौकोनात दहा प्रकारची मूळची झाडे आहेत. त्याच्या शेजारच्या दुसऱ्या चौकोनात नऊ प्रकारची आहेत, पण ती सगळी पहिल्यातही आहेत. तिसरा चौकोन दूरच्या डोंगरावर आहे. तेथे दोनच प्रकारची झाडे आहेत, पण ती दुसरीकडे कोठेही नाहीत. तुम्ही कोणते दोन निवडाल?

पुष्कळ मुले म्हणतात, पहिला आणि दुसरा. पण विचार करा. आई बाजारात जाते. घरात बटाट्यांची टोपली भरलेली असेल, तर ती पुन्हा बटाटेच आणील का? नाही. घरात जे नाही, ते ती आणील. म्हणून येथे पहिला आणि तिसरा चौकोन निवडला पाहिजे. मग बाराही प्रकार वाचतात. पहिला आणि दुसरा घेतला, तर दहाच वाचतात.

हे नुसते कोडे नाही. आपले राष्ट्रीय फूल तुम्हांला माहीत आहे. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ आहे, कानातला डूल. 1992 साली त्याला राष्ट्रीय फुलाचा मान मिळाला. रानात ते फक्त ल मॉर्नच्या डोंगरावर उगवते. तो डोंगर राखला नाही, तर बाकीचे सगळे रान राखूनही त्या फुलाला रानात घर राहणार नाही.

असे नकाशे जगात पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडले आहेत. ऑस्ट्रेलियाजवळ समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ नावाची प्रवाळांची फार मोठी रांग आहे. तिच्या पाच टक्क्यांहून कमी भागात मासेमारीला पूर्ण बंदी होती. शास्त्रज्ञांनी संगणकाच्या मदतीने चौकोनांचा हिशेब मांडला. मग लोकांना आराखडा दाखवून त्यांची मते मागवली. तीस हजारांहून अधिक मते आली! त्यांचा विचार करून आराखड्यात बदल केले गेले आणि 2004 सालापासून सुमारे एक तृतीयांश भागात मासेमारी बंद झाली.

लोकांना का विचारायचे? कारण नकाशालाही चूक होते. आकाशातून काढलेल्या चित्रात पेरूचे झुडूप हिरवे दिसते आणि आबनुसाचे झाडही हिरवेच दिसते. खरे काय आहे, ते पायी चालून पाहावे लागते.

आमच्या वर्गाने एकदा गावाचा असाच नकाशा केला. पारदर्शक कागदांवर ओढे, झाडे आणि वाटा काढल्या, चौकोनांना गुण दिले. डोंगराकडच्या एका चौकोनाला शून्य गुण मिळाले. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, माझे आजोबा सांगतात, तिथे झरा आहे." आम्ही आजोबांना सोबत घेऊन तेथे गेलो. झुडपांच्या खाली खरोखरच बारीक झरा वाहत होता! त्याच्या काठाला नेचे वाढले होते. आम्ही परत आलो आणि त्या मुलीने स्वतःच्या हाताने नकाशावर निळी रेघ काढली. शून्याचा चौकोन पहिल्या तिनांत आला.

त्याच वेळी दुसरा एक मुलगा मात्र रडवेला झाला. त्याच्या आवडत्या आंब्याचा चौकोन शेवटी गेला होता. तो म्हणाला, "म्हणजे माझे झाड वाईट आहे का?" मी त्याला जवळ घेतले आणि सांगितले, "नाही रे. आधी म्हणजे फक्त तेवढेच, असे नव्हे. तुझ्या आंब्याला धोका नाही, म्हणून तो थांबू शकतो. ज्याला थांबता येत नाही, त्याच्याकडे आधी धावायचे."

मुलांनो, वेळेवर धावले तर काय होते, हे आपल्याच बेटाने जगाला दाखवले आहे. 1974 साली आपला मॉरिशस ससाणा रानात फक्त चारच उरल्याचे माहीत होते. 1991 साली रानात गुलाबी कबुतरे केवळ दहाच्या आसपास होती. माणसांनी त्यांची अंडी जपली, पिल्ले वाढवली आणि त्यांच्यासाठी निवडक जागा राखल्या. माहेबुर्गजवळचे ईल ओ एग्रेत हे छोटेसे बेट त्यांपैकीच एक. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 26 हेक्टर आहे. तेथले उंदीर आणि परकी झुडपे काढली, मूळची झाडे लावली. आज तेथे आबनुसाच्या सावलीत गुलाबी कबुतरे फिरतात. आता आपल्या देशात ही कबुतरे शेकडोंनी आहेत.

डोडोसाठी कोणी धावले नाही. ससाण्यासाठी धावले. एवढाच काय तो फरक आहे.

आता तुम्ही काय करायचे? घरी गेल्यावर आपल्या गावाचा एक नकाशा काढा. त्यावर चौकोन पाडा. आजीआजोबांना विचारा, येथे पूर्वी काय होते? प्रत्यक्ष जाऊन पाहा. मग शेवटी स्वतःला विचारा, यातले काय थांबू शकेल आणि काय थांबू शकणार नाही?

आणि हो, चिनी पेरू जरूर खा. फक्त बिया रानात थुंकू नका!